आठ ओहमचा स्पीकर आणि पाच हजार ओहमची नलिका

पोलादपूर सोडून एस.टी. आंबेनळी घाटाच्या पहिल्या वळणाला लागली की चालकाचा हात आपोआप गिअरच्या दांड्याकडे जातो. इंजिन तेच, गाडी तीच, प्रवासीही तेच. पण समुद्रसपाटीच्या जवळून निघून चाळीसेक किलोमीटरमध्ये महाबळेश्वरच्या सुमारे साडेचार हजार फुटांवर पोहोचायचे, तर सपाटीवरचा गिअर उपयोगाचा नसतो. इंजिन भरभर फिरते, पण त्या फिरण्यात जोर कमी असतो. चाकाला मात्र हळू पण जोराने फिरायचे असते. मधली गिअरपेटी या दोघांचा मेळ घालते. आजच्या लेखाचा विषय घाट नाही, इलेक्ट्रिक गिटार वाजविणारा व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर आणि त्याला जोडायचा स्पीकर हा आहे. परंतु या विषयातले जवळजवळ सगळे मर्म त्या गिअरपेटीत आहे, आणि ते प्रस्तुत लेखकाच्या ध्यानात आले तेही याच घाटाच्या पायथ्याशी.

काही वर्षांपूर्वी गणपतीच्या दिवसांत तिथल्या एका वाडीत जाण्याचा योग आला. मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांत एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजविणारा एक तरुण होता. वाडीकडे एक जुना ‘माईक’ होता. गावाकडे माईक म्हटले की त्यात ध्वनिग्राहक, ॲम्प्लिफायर आणि भोंगे असा सगळा संसार येतो. त्यातला ॲम्प्लिफायर व्हॉल्व्हचा. लोखंडी पेटी, पुढे चार मुठी, मागे जाळीआड तांबूस उजेड देणाऱ्या काचेच्या नळ्या. या मुलाने व्हॉल्व्हच्या आवाजाची थोरवी ऐकलेली. त्याने गिटार जोडली, सोबत आणलेला बारा इंची स्पीकर मागच्या पट्टीवर भोंग्याच्या तारा काढून त्याच स्क्रूंना जोडला आणि तार छेडली. आवाज आला तो चिरका आणि मेलेला. त्याने मूठ वाढवली, तशी आतल्या नळ्यांच्या पत्र्याला लाली येऊ लागली. माईक सांभाळणाऱ्या काकांनी पुढे होऊन आधी बटण बंद केले. “ही भोंग्याची पट्टी हाय बाला, तुझ्या पेटीची नाय,” एवढेच म्हणाले आणि एक तार दोन स्क्रू अलीकडे आणून ‘८’ या आकड्याखाली आवळली. पुन्हा बटण सुरू झाल्यावर जो आवाज आला तो त्या अंगणात त्यापूर्वी कोणी ऐकलेला नसावा. भरदार, गोल, आणि तार जोरात ओढली की किंचित गुरगुरणारा.

वाद्य, नळ्या आणि स्पीकर यांपैकी काहीही बदलले नव्हते. बदलला होता तो फक्त गिअर.

इम्पिडन्स म्हणजे काय

स्पीकरच्या पाठीवर ४, ८ किंवा १६ ओहम असा आकडा छापलेला असतो. हा त्याचा इम्पिडन्स. मराठी परिभाषेत याला संरोध म्हणतात. दिशा न बदलणाऱ्या, म्हणजे बॅटरीच्या प्रवाहाला तार जो अडथळा करते तो रोध. आणि ध्वनीसारख्या सतत मागे-पुढे होणाऱ्या प्रवाहाला एखादे उपकरण एकूण जो अडथळा करते तो संरोध. इंग्रजीतला मूळ शब्द ऑलिव्हर हेविसाइड या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८६ मध्ये रूढ केला. तारायंत्राच्या लांब तारांमधून संदेश विकृत होऊन का पोहोचतात, हा त्याच्या अभ्यासाचा विषय होता. गिटारच्या स्पीकरपर्यंत हा शब्द पुष्कळ नंतर आला.

स्पीकर हे अगदी साधे यंत्र आहे. लोहचुंबकाच्या फटीत तारेचे एक हलके वेटोळे, त्याला चिकटवलेला कागदी शंकू. वेटोळ्यातून प्रवाह गेला की ते पुढे-मागे सरकते, शंकू हवा ढकलतो. वेटोळे लहान, तार जाडसर, म्हणून अडथळा थोडा आणि त्याला हलवायला प्रवाह भरपूर लागतो. विद्युत दाब मात्र थोडा पुरतो.

नळीचा स्वभाव याच्या नेमका उलट. निर्वात काचेत तापलेल्या तारेतून बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन समोरच्या धन पत्र्याकडे झेपावतात, आणि मधली जाळी त्यांना कमी-जास्त सोडते. या पत्र्यावर दोनशे-अडीचशेपासून साडेचारशे-पाचशे व्होल्टपर्यंत दाब असतो, पण वाहणारा प्रवाह असतो तो काही डझन मिलिॲम्पिअर. दाब मोठा, प्रवाह तुटपुंजा. अशी नळी आठ ओहमच्या स्पीकरला थेट जोडणे म्हणजे घाटाच्या चढावर गाडी टॉप गिअरमध्ये घालणे. म्हणून मध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो. गल्लीतल्या विजेच्या रोहित्राचा हा धाकटा भाऊ. काम तेच, पन्नास हर्ट्झच्या एकाच सुराऐवजी गिटारच्या सर्व सुरांवर करायचे एवढाच फरक. आणि हा फरक लहान नाही.

पंचवीस वेढ्यांचा हिशेब

एक सोपे उदाहरण घेऊ. ६व्ही६ ही १९३०च्या दशकापासून वापरात असलेली नळी आहे. फेंडर कंपनीच्या ‘चॅम्प’ या छोट्या ॲम्प्लिफायरमध्ये ती एकटीच स्पीकर हलवते. तिच्या माहितीपत्रकात अडीचशे व्होल्टवर पाच हजार ओहमचा भार सुचविलेला आहे आणि त्यावर साडेचार वॅट शक्ती मिळते असे दिले आहे. आता आठ ओहमच्या स्पीकरला साडेचार वॅट द्यायचे तर सहा व्होल्ट दाब आणि पाऊण ॲम्पिअर प्रवाह लागतो. ट्रान्सफॉर्मरमध्ये नळीच्या बाजूचे वेढे स्पीकरच्या बाजूच्या पंचवीसपट ठेवले, तर नळीकडून पाहता दाब होतो दीडशे व्होल्ट आणि प्रवाह होतो तीस मिलिॲम्पिअर. दीडशे भागिले ०.०३ बरोबर पाच हजार. म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे बसलेला आठ ओहमचा स्पीकर नळीला पाच हजार ओहमचा ‘दिसतो’. दाब पंचवीसपट, प्रवाह पंचविसावा हिस्सा, म्हणून ओहमचे गुणोत्तर पंचवीसचा वर्ग, सहाशे पंचवीस.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. ट्रान्सफॉर्मरला स्वतःचे असे ओहम नसतात. त्याच्याकडे असते ते फक्त गुणोत्तर. ‘८’ लिहिलेल्या स्क्रूला चार ओहमचा स्पीकर जोडला तर तो स्पीकर आठचा होत नाही, नळीलाच पाच हजारांऐवजी अडीच हजार ओहम दिसू लागतात. सोळाचा जोडला तर दहा हजार. पेटीवरच्या आकड्याचा अर्थ एवढाच की, इथे आठचा स्पीकर जोडलात तर नळीला तिचा योग्य भार मिळेल.

जुळवणी या शब्दाने एक गैरसमज फार पसरविला आहे. शाळा-महाविद्यालयात आपण शिकतो की उगमाचा अंतर्गत रोध आणि भाराचा रोध सारखे असले की सर्वाधिक शक्ती मिळते. मोरित्झ फॉन याकोबी याच्या नावाने ओळखला जाणारा हा सिद्धांत एकोणिसाव्या शतकातला आहे आणि तो खरा आहे. पण नळीच्या बाबतीत तो लावून चालत नाही. ६व्ही६चा स्वतःचा अंतर्गत रोध पन्नास हजार ओहमच्या आसपास, आणि तिला सुचवलेला भार पाच हजारांचा, म्हणजे दहावा हिस्सा. कारण नळीला दाबाची आणि प्रवाहाची ठरावीक मर्यादा आहे. त्या दोन्ही मर्यादा साधारण एकाच वेळी गाठल्या जातील, एक आधी आणि दुसरी वाया अशी स्थिती येणार नाही, असा भार निवडावा लागतो. म्हणून ही जुळवणी समानतेची नाही, बेताची आहे.

छापील आकडा आणि खरा आकडा

आता जरा खोलात जाऊ, कारण आवाजाची खरी गंमत इथे आहे.

आठ ओहमचा म्हणून विकलेला स्पीकर मल्टिमीटरने मोजा. सहा ते सात ओहम दिसतील. दुकानदाराने फसवले असे वाटून परत करायला जाऊ नये. मीटर फक्त तारेचा रोध मोजतो. छापलेला आकडा हा नाममात्र आहे, म्हणजे काम भागविण्यासाठी ठरवलेला. प्रत्यक्षात इम्पिडन्स सुरागणिक बदलतो. शंकूची स्वतःची एक नैसर्गिक लय असते. पाळण्याला जशी असते तशी. सेलेस्चन कंपनीच्या प्रसिद्ध बारा इंची ‘ग्रीनबॅक’ स्पीकरची ती ७५ हर्ट्झ आहे. त्या लयीच्या आसपास शंकू थोड्याशा धक्क्यानेही जोरात डोलतो आणि डोलता डोलता स्वतःच उलट दाब निर्माण करतो, त्यामुळे तिथे इम्पिडन्स नाममात्र आकड्याच्या कित्येक पट वाढतो. पुढे दोन-चारशे हर्ट्झवर तो खाली येऊन आठाच्या जवळ बसतो. आणि वरच्या सुरांकडे जावे तसा वेटोळ्याच्या गुणधर्मामुळे पुन्हा हळूहळू चढत जातो. आलेख काढला तर एक सुळका, एक दरी आणि मग लांबलचक चढण. सह्याद्रीचा छेदच जणू.

गिटारची सर्वांत खालची मोकळी तार ८२ हर्ट्झवर वाजते, म्हणजे जवळजवळ त्या सुळक्यावरच. आता ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर घेतला तर तो स्पीकरच्या या चढउतारांकडे लक्ष देत नाही; ठरलेला दाब ठरल्याप्रमाणे पाठवतो. जिथे इम्पिडन्स वाढतो तिथे प्रवाह कमी होतो, शक्तीही कमी जाते. नळीचा स्वभाव वेगळा. तिचा अंतर्गत रोध मोठा असल्याने ती दाबापेक्षा प्रवाह कायम राखू पाहते. इम्पिडन्स वाढला तर दाब वाढतो. त्यामुळे सुळक्यावरचा खर्ज अधिक उठतो आणि चढणीवरचे वरचे सूर अधिक खुलतात. एकच स्पीकर दोन ॲम्प्लिफायरना जोडला असता एकात ‘जिवंत’ आणि दुसऱ्यात ‘कोरडा’ वाटतो, त्यामागे जादू नाही. स्पीकरचा हा आलेख एकात ऐकू येतो, दुसऱ्यात दाबला जातो.

हा परिणाम किती ठेवायचा हे रचनाकार ठरवतो. बाहेर जाणाऱ्या आवाजाचा थोडा अंश उलटा करून मागे आणला, म्हणजे ऋण पुनर्भरण केले, की नळीचा ॲम्प्लिफायरही शिस्तीत वागू लागतो. व्हॉक्स कंपनीच्या ‘एसी ३०’मध्ये हे पुनर्भरण मुळीच नाही. फेंडर आणि मार्शल यांच्या बहुतेक मोठ्या ॲम्प्लिफायरमध्ये ते आहे. पुढच्या पट्टीवर ‘प्रेझेन्स’ नावाची जी मूठ असते ती वरच्या सुरांपुरते हे पुनर्भरण कमी करते. जिम मार्शल यांनी लंडनमध्ये १९६२ च्या सुमारास आपला पहिला ॲम्प्लिफायर बनविला तो फेंडरच्या ‘बासमन’ची आकृती समोर ठेवून. पण बासमनमध्ये आठ ओहमचे चार दहा इंची स्पीकर समांतर जोडलेले, म्हणजे एकूण दोन ओहम. मार्शलकडे बारा इंची चार स्पीकरांची बंद पेटी, एकूण सोळा ओहम. पुनर्भरणाची तारही सोळाच्या टोकावरून घेतली गेली, आणि तिथला दाब दोनच्या टोकापेक्षा जवळजवळ तिप्पट. आकृती जवळपास तीच असूनही दोघांचा आवाज निराळा झाला, त्याच्या कारणांपैकी हे एक. स्पीकर बदलला की ॲम्प्लिफायरही थोडा बदलतो, हे रॉक संगीताच्या इतिहासातच लिहिलेले आहे म्हणायचे.

चुकले तर काय होते

मुंबईच्या चित्रपटसंगीतात इलेक्ट्रिक गिटार रुळली ती नळ्यांच्याच काळात. १९५०च्या दशकात व्हॅन शिप्ले यांच्यासारखे वादक ती वाजवीत होते तेव्हा ट्रान्झिस्टरचे मोठे ॲम्प्लिफायर बाजारात यायचे होते. नंतर मात्र दोन पिढ्या ट्रान्झिस्टरवर वाढल्या, आणि त्या सवयी घेऊनच आजचे हौशी वादक आणि दुरुस्ती करणारेही व्हॉल्व्हच्या पेटीकडे जातात. नुकसान होते ते याच ठिकाणी, कारण दोहोंचे नियम नेमके उलटे आहेत.

ट्रान्झिस्टरच्या ॲम्प्लिफायरला स्पीकर न जोडता चालू ठेवले तर त्याचे काही बिघडत नाही. तारा एकमेकींना चिकटल्या तर मात्र तो जळू शकतो. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरला स्पीकरविना वाजविणे हा सर्वांत मोठा गुन्हा. घाटाच्या भाषेत सांगायचे तर क्लच दाबून ॲक्सिलरेटरवर पाय ठेवण्यासारखे. भार नाही म्हटल्यावर ट्रान्सफॉर्मरच्या नळीकडच्या वेटोळ्यात दाब कुठल्या कुठे चढतो, पत्र्यावरच्या मूळ दाबाच्या कित्येक पट, आणि वेढ्यांमधले कागद-वॉर्निश फोडून किंवा नळीच्या बैठकीतून ठिणगी जाते. एकदा ठिणगीने वाट पाडली की तो ट्रान्सफॉर्मर गेला. फेंडरने आपल्या ॲम्प्लिफायरच्या मुख्य स्पीकर-खोबणीत म्हणूनच एक युक्ती केली आहे. पिन काढून घेतली की खोबणी आपोआप आतल्या आत जोडली जाते. नळीच्या दृष्टीने तेही वाईटच, पण थोड्या वेळापुरते मोकळ्या टोकापेक्षा बरे.

मधल्या चुका दोन प्रकारच्या. आठच्या जागी चार जोडला तर चढाला वरचा गिअर. नळीतून प्रवाह अधिक वाहतो, ती आणि ट्रान्सफॉर्मर तापतात, मिळणारी शक्ती थोडी घटते, नळ्यांचे आयुष्य कमी होते. आठच्या जागी सोळा जोडला तर उलट. प्रवाह कमी, पण दाबाचे हेलकावे मोठे. मूठ पुरी फिरवून, आवाज फाटेपर्यंत वाजवणाऱ्यांना दुसरी चूक अधिक महागात पडते, कारण फाटलेल्या आवाजाच्या तीक्ष्ण कडांवर दाबाचे झटके येतात. दुप्पट किंवा निम्मा इतका फरक बहुतेक चांगले ट्रान्सफॉर्मर काही काळ सोसतात, असे अनुभवी दुरुस्तीकार सांगतात. त्याहून अधिक नको. आणि निवड करण्याची वेळच आली, तर जुन्या, इन्सुलेशनची खात्री नसलेल्या पेटीला कमी ओहमची चूक परवडते, जास्तीची नाही, असे आमचे मत. नळी बदलता येते. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचा ट्रान्सफॉर्मर तसाच्या तसा मिळत नाही.

वाडीतल्या त्या तरुणाची चूक निम्म्या-दुपटीची नव्हती. तो स्क्रू शंभर व्होल्टचा होता. तीस वॅटच्या ॲम्प्लिफायरवर शंभर व्होल्टच्या टोकाला सुमारे ३३३ ओहमची अपेक्षा असते. तिथे आठ ओहम म्हणजे चाळीस पटींहून अधिक फरक. पत्रा लाल होणारच.

भोंग्याची पट्टी

ही शंभर व्होल्टची भानगड भोंग्यांसाठी का केलेली असते, हे कोकणातल्या वाड्यांची ठेवण पाहिली की कळते. देऊळ एका टेपावर, घरे उतारावर विखुरलेली, शेवटचा भोंगा दोनशे मीटरवर आंब्याच्या झाडाला. अर्ध्या चौरस मिलिमीटरची तांब्याची तार जाऊन-येऊन चारशे मीटर धरली, तर तिचाच रोध सुमारे चौदा ओहम होतो. पलीकडे आठ ओहमचा स्पीकर असेल तर जवळजवळ दोन तृतीयांश शक्ती तार तापविण्यात जाईल. म्हणून मोठ्या विजेच्या वाहिन्यांचीच युक्ती इथे लहान प्रमाणावर वापरतात. ॲम्प्लिफायरमधून आवाज शंभर व्होल्टला चढवून पाठवायचा, प्रवाह कमी ठेवायचा, आणि प्रत्येक भोंग्यापाशी एक छोटा ट्रान्सफॉर्मर बसवून पुन्हा खाली उतरवायचा. दहा वॅटचा भोंगा अशा वेळी तारेला एक हजार ओहमचा दिसतो. असे पाच भोंगे लावले तर दोनशे ओहम, आणि चौदा ओहमच्या तारेत वाया जाणारा हिस्सा सहा-सात टक्के. या पद्धतीत ओहमचा हिशेबही करावा लागत नाही. भोंग्यांच्या वॅटची बेरीज करायची आणि ती ॲम्प्लिफायरच्या वॅटपेक्षा जास्त होऊ द्यायची नाही, एवढेच. माईकवाल्यांच्या कित्येक पिढ्यांनी याच एका बेरजेवर जत्रा आणि सभा पार पाडल्या.

अशा जुन्या माईकच्या पेट्यांमागे साधारणपणे एक समाईक टोक, मग ४, ८, १६ आणि शेवटी शंभर व्होल्ट असे स्क्रू असतात. गिटारसाठी पेटी वापरायची तर समाईक टोक आणि ४-८-१६ पैकी योग्य ते एक, इतकेच. दोन टोकांवर एकाच वेळी पूर्ण भार लावू नये. त्यातही, भोंग्याचा ॲम्प्लिफायर बोलण्यासाठी बनलेला असतो. त्याचा ट्रान्सफॉर्मर खर्जाच्या बाबतीत काटकसरी असतो, आणि गिटारच्या खालच्या तारा जोराने वाजविल्या तर तो लवकर घुसमटतो. काहींना ती घुसमटच आवडते, हा भाग वेगळा.

प्रत्यक्ष जोडणी

दोन स्पीकर एकामागून एक जोडले की ओहमची बेरीज होते. आठ आणि आठ सोळा. समांतर जोडले की निम्मे. आठ आणि आठ चार. चार स्पीकरांच्या पेटीत दोन-दोनांच्या जोड्या एकामागून एक आणि मग त्या दोन जोड्या समांतर अशी रचना करतात. सोळाचे चार घेतले तर एकूण सोळाच राहतात. वेगवेगळ्या ओहमचे स्पीकर एकत्र करण्याचा मोह टाळावा. आठ आणि सोळा समांतर जोडले तर एकूण सव्वापाचाच्या आसपास येतात, आणि आठचा स्पीकर सोळाच्या दुप्पट शक्ती ओढतो; ज्याला झेपत नाही तो आधी फाटतो.

धन-ऋणाची काळजी घ्यावी. दोन स्पीकरांपैकी एक उलटा जोडला गेला तर एक शंकू पुढे येताना दुसरा मागे जातो आणि खर्ज हवेतच विरतो. पुष्कळदा ‘मॅचिंग चुकले’ म्हणून ज्याची तक्रार होते ती ही चूक असते. ॲम्प्लिफायरपासून तारा सोडवून दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर स्पीकरला टेकवावा. सेलचा धन अग्र ज्या टोकाला लावल्यावर शंकू बाहेर येतो ते धन. तारही स्पीकरचीच हवी, दोन जाड पदरांची. गिटारची जाळीदार बारीक वायर दिसायला तशीच आणि पिनही तीच. पण ती या प्रवाहासाठी नाही. ती आतून तुटली तर पेटी भाराविना चालू राहते, म्हणजे पुन्हा तोच मोठा गुन्हा.

आठचा स्पीकर घ्यावा की सोळाचा, यावर वादकांत वाद रंगतात. एकाच नावाचा स्पीकर दोन्ही प्रकारांत येतो तेव्हा वेटोळ्यातली तार आणि वेढे निराळे असल्याने आवाजात सूक्ष्म फरक असतो, हे खरे. अनेक टोकांच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये सोळाचे टोक संपूर्ण वेटोळे वापरते, चारचे फक्त त्याचा एक भाग, त्यानेही थोडा फरक पडतो. परंतु शंकूचा आकार, चुंबक, पेटीची पाठ उघडी की बंद, यांनी पडणाऱ्या फरकापुढे हा फरक फार लहान आहे. आकडा बरोबर जुळवून घ्यावा आणि मग कानांवर सोपवावे.

जुन्या पेटीचे काही

भारतात नळ्या बनत असत. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनविलेल्या ईएल ८४, ईसीसी ८३ या नळ्या आजही जुन्या साठ्यांतून निघतात आणि शौकीन त्या शोधत फिरतात. नवीन नळ्या येतात त्या मुख्यतः चीन, रशिया आणि स्लोव्हाकियातून. २०२२ मध्ये रशियाने निर्यातीवर निर्बंध आणले तेव्हा काही काळ जगभरच्या वादकांची धावपळ उडाली होती. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात तपकीर गल्ली पालथी घातली तर बैठका, रोधक, धारित्रे मिळून जातात. आउटपुट ट्रान्सफॉर्मर मात्र गुंडाळूनच घ्यावा लागतो आणि इथे जपायला हवे. विजेच्या पुरवठ्याचा ट्रान्सफॉर्मर गुंडाळणारा कारागीर आधी एक वेटोळे पूर्ण करून त्यावर दुसरे चढवतो. आवाजाच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये दोन्ही वेटोळ्यांचे थर आलटून-पालटून द्यावे लागतात, नाहीतर वरचे सूर मध्येच गळतात. एकाच नळीच्या ॲम्प्लिफायरमध्ये तर पट्ट्यांच्या गाभ्यात कागदाएवढी फटही राखावी लागते. कारागिराला हे आधी सांगितले नाही, तर वेढ्यांचे गुणोत्तर अचूक असूनही आवाज गोधडीतून आल्यासारखा येतो. प्रस्तुत लेखकाने एकदा असा ट्रान्सफॉर्मर पैसे मोजून घेतलेला आहे.

पेटी उघडण्यापूर्वी हे ध्यानात असू द्यावे की आतल्या मोठ्या धारित्रांत तीनशे-चारशे व्होल्ट वायर काढल्यावरही काही काळ साठून राहतात. ते जीवघेणे आहे. ज्याला धारित्र रिकामे करण्याची रीत माहीत नाही त्याने झाकणाचा स्क्रू काढू नये. बाहेरच्या पट्टीवरच्या तारा बदलणे इतपतच ठेवावे, तेही बटण आणि वायर दोन्ही काढून. शंभर व्होल्टच्या टोकाचा झटकाही हलका नसतो.

आंबेनळीच्या पट्ट्यात आणखी एक शत्रू आहे. घाटमाथ्यावरच्या महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि पायथ्याच्या वाड्यांतही जूनपासून भिंती ओल सोडत नाहीत. माईकची पेटी वर्षभर देवळाच्या नाहीतर शाळेच्या खोलीत पडून असते आणि नेमकी भाद्रपदात, पावसाळ्याच्या शेवटी बाहेर निघते. ट्रान्सफॉर्मरच्या कागदाने तोवर दमटपणा पिऊन घेतलेला असतो आणि त्याची दाब सोसण्याची ताकद घटलेली असते. जोडणी अचूक असूनही पहिल्याच संध्याकाळी ट्रान्सफॉर्मर जातो तो यामुळे. त्या वाडीतले काका गणपतीच्या आधी तीन-चार दिवस पेटी आणून चुलीच्या खोलीत, धगीपासून जरा दूर, फळीवर ठेवीत. मग स्पीकर जोडून, मुठी शून्यावर ठेवून तासभर नुसत्या नळ्या तापवीत. आवाज पहिल्यांदा वाढवायचा तो आरतीच्या वेळी, तोही बेताने.